पांढरीवर खापर सापडलं तर

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरणाकाठच्या तेरला पावसाची सर येऊन गेली की पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर, खापरं उघडी पडतात. समुद्र इथून ३०० किलोमीटरहून लांब, पण माल मात्र बंदरावर जायचा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या सागरी व्यापाराच्या माहितीपुस्तकात भडोच बंदराहून पैठण २० दिवस आणि तिथून पूर्वेला तगर, म्हणजे हेच तेर, १० दिवस असा हिशेब दिला आहे.

खापर दिसलं की आधी हात आवरा. दोन फोटो काढा: एक जवळून, शेजारी पट्टी ठेवून, दुसरा लांबून, बांध किंवा झाड येईल असा. लोकेशन आणि गट नंबर लिहून ठेवा. जागा हरवली की खापराचं मोल एखाद्या कौलाच्या तुकड्याइतकंच. रुतलेलं असेल तर उकरू नका. ‘पांढरीची माती पिकाला चांगली’ म्हणून ट्रॉल्या भरून नेल्यानं आधीच बरंच वाटोळं झालं आहे.

धुवायला साधं पाणी, मऊ ब्रश. लेप किंवा रंग असेल तर ब्रश नकोच. सावलीत दोन दिवस वाळवा. ओलं भरलं तर पिशवीत बुरशी धरते. चिठ्ठी शिसपेन्सिलीनं लिहा, शाई पसरते.

काठ, बूड आणि कान आधी बघा. पोटाचा तुकडा फारसा बोलत नाही. बारीक पोताची करडी थाळी, आत तळाशी गोल ओळींत टोचल्यासारख्या खाचा: ही रूलेटेड भांडी. जाड भिंत, दोन कान, निमुळतं बूड असेल तर रोमन मद्यकुंभ, म्हणजे अँफोरा. इटलीकडच्या काही कुंभांच्या मातीत ज्वालामुखीची काळी वाळू असते. पण आपली मातीही काळ्या पाषाणाचीच, तेव्हा काळे कण दिसले म्हणून लगेच रोम गाठू नका. आतला काळा लेपही फसवतो. कान नसलेला, आतून डांबर फासलेला रांजण इराणी आखाताकडचा असू शकतो. त्याला टॉर्पेडो रांजण म्हणतात.

शंखाच्या बांगडीचा तुकडा हाडासारखा वाटतो. भिंगातून हाडाची बारीक छिद्रं दिसतात, शंख घट्ट आणि चिनीमातीसारखा गुळगुळीत असतो.

सातवाहनांचं शिशाचं नाणं मिळालं तर चिंच-लिंबू लावू नका, लाकडी पेटीतही ठेवू नका. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेनं शिशाची पांढरी भुकटी होते. झाकणाची प्लास्टिकची डबी बरी. जमिनीत पुरलेला १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. खापरं मात्र चिठ्ठीसकट तेरच्या लामतुरे संग्रहालयात दाखवा.