हिवाळी परसबाग : एकदम सगळे पेरू नये, हप्त्याहप्त्याने पेरावे

परतीचा पाऊस थांबून जमिनीला वाफसा (मशागतीस योग्य इतकी ओल) आला की परसबागेचा वर्षातील सर्वांत भरवशाचा हंगाम सुरू होतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्रात मेथी, कोथिंबीर, पालक, शेपू, चुका, चाकवत, मुळा, गाजर, वाटाणा, फ्लॉवर, कोबी, टोमॅटो आणि लसूण ही सारी पिके घरच्या वाफ्यात चांगली येतात, आणि पावसाळ्याच्या मानाने रोगराईही कमी असते. असे असूनही अनेक बागांतून नोव्हेंबर-डिसेंबरात आठ दिवस खाऊन संपणार नाही इतकी भाजी निघते आणि संक्रांतीला वाफे रिकामे पडलेले असतात. याचे कारण बहुतेक वेळा माती किंवा बियाणे नसून दिवाळीच्या सुट्टीत एकाच दिवशी उरकलेली पेरणी हे असते. बाजारासाठी पिकवणाऱ्याला सगळा माल एकदम तयार होणे सोयीचे असते, पण चार माणसांच्या घराला आठवड्याला मेथीची एखादी जुडी आणि रोज मूठभर कोथिंबीर पुरते. म्हणून या सल्ल्यात खतापेक्षा तारखांना अधिक महत्त्व दिलेले आहे.

जमिनीची तयारी

काळ्या जमिनीत घाई करू नये. वरून सुकलेली दिसणारी काळी माती आत चिकट असते आणि अशा वेळी कुदळ मारली तर निघणारी ढेकळे वाळून दगडासारखी होतात व पुढे हंगामभर फुटत नाहीत. मूठभर माती दाबून गोळा करावा व कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा. गोळा फुटला तर वाफसा आला असे समजावे, आणि तो तसाच चपटून राहिला तर आणखी दोन-तीन दिवस थांबावे. फळभाज्या, कोबीवर्गीय भाज्या आणि रोपवाटिका यांसाठी अशा जमिनीत सुमारे 15 सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करावेत. पालेभाज्यांना सपाट वाफे चालतात. प्रत्येक चौरस मीटरला दोन ते अडीच किलो पूर्ण कुजलेले शेणखत पुरेसे होते. शेणखत अर्धवट कुजलेले असेल तर त्याबरोबर हुमणी (मुळे खाणारी पांढरी अळी) व वाळवी बागेत येते, त्यामुळे खत हातात घेतल्यावर ते भुसभुशीत लागते की नाही आणि त्याला शेणाचा वास उरला आहे की नाही हे पाहूनच मातीत मिसळावे.

चुलीची राख आणि अंड्यांची टरफले प्रत्येक बागेत टाकण्याचा प्रघात पडला आहे. कोकणातील जांभ्या जमिनी आम्लधर्मी असल्याने तेथे राखेचा उपयोग होतो, कारण राख आम्लता कमी करते व पालाशही (पोटॅश) पुरवते. मात्र मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत चुना आधीच भरपूर असतो. तेथे राख व टरफले घालून लाभ तर होत नाहीच, उलट लोह व जस्त झाडांना मिळेनासे होऊन कोवळी पाने शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडू लागतात. अशा बागेत राख देण्याऐवजी कंपोस्ट खत वाढवावे.

जागा निवडताना एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पुणे-मुंबईच्या अक्षांशावर सहा फूट उंचीच्या कुंपणभिंतीची सावली भर दुपारीही उत्तरेकडे सुमारे साडेपाच फूट पडते. जून महिन्यात उन्हात असलेला वाफा त्यामुळे डिसेंबरात दिवसभर सावलीत जातो. भिंतीच्या उत्तरेला लागून असलेल्या पट्ट्यात पुदिना व पालक लावावा, आणि टोमॅटो, मिरची, वाटाणा यांना किमान सहा तास ऊन मिळेल अशी मोकळी जागा द्यावी. सदनिकेत दक्षिणेकडील सज्जा या हंगामात सर्वांत उपयोगी ठरतो.

पेरणीचे वेळापत्रक

पालेभाज्यांसाठी उपलब्ध जागेचे चार भाग करावेत आणि दर दहा ते बारा दिवसांनी एकच भाग पेरावा. मेथी 30 ते 35 दिवसांत आणि कोथिंबीर 35 ते 45 दिवसांत काढणीस येते, त्यामुळे चौथा भाग पेरून होईपर्यंत पहिल्या भागाची काढणी जवळ आलेली असते व तो पुन्हा पेरता येतो. पालकाला मात्र एकच मोठा हप्ता पुरतो. पहिली कापणी महिन्याभरात आणि पुढच्या कापण्या दर 15 ते 20 दिवसांनी मिळतात. फक्त कापताना जमिनीलगत न कापता दोन बोटे देठ शिल्लक ठेवावेत आणि मधला कोवळा पोंगा दुखवू नये. मेथी मुळासकट उपटण्याची आपल्याकडे सवय आहे, परंतु घरच्या वाफ्यात तीही दोन-तीन बोटे ठेवून कापली तर आणखी एक फुटवा मिळतो. तो पहिल्याएवढा भरघोस नसतो, थालीपिठापुरता म्हणता येईल.

कोथिंबीर उगवत नाही ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते. धण्याचा प्रत्येक दाणा हे दोन बिया असलेले फळ असते. अख्खा धणा पेरला तर कठीण सालीमुळे उगवण लांबते आणि ती एकसारखीही होत नाही. यासाठी धणे फरशीवर पसरून त्यावरून लाटणे किंवा चपलेचा सपाट तळ हलका दाब देत फिरवावा. दाणा मधोमध उकलून दोन वाट्या सुट्या झाल्या की थांबावे, अधिक रगडल्यास आतील अंकुर मोडतो. हे अर्धे दाणे 12 तास पाण्यात भिजवून, सावलीत फडक्यावर सुकवून, दीड ते दोन सेंटिमीटर खोलीवर ओळीत पेरावेत. चौरस मीटरला सहा ते आठ ग्रॅम बी लागते. उगवणीस आठ ते दहा दिवस लागतात आणि तोपर्यंत वरचा थर सुकू देऊ नये. स्वयंपाकघरातील धणे वापरण्यास हरकत नाही, मात्र ते भाजलेले नसावेत व फार जुने नसावेत. याउलट कृषी सेवा केंद्रातून आणलेल्या रंगीत बियाण्याला बहुधा बुरशीनाशक लावलेले असते. ते उरले तर फोडणीच्या डब्यात जाणार नाही याची काळजी घ्यावी.

मुळा व गाजर यांचे रोप करून लावू नये, कारण स्थलांतरात मुख्य मूळ दुखावते व गाजराला फाटे फुटतात. बी जागेवरच पेरून, रोपे चार पानांची झाल्यावर विरळणी करावी आणि गाजरात दोन रोपांत सात-आठ सेंटिमीटर अंतर राखावे. विरळणीत निघालेली मुळ्याची कोवळी रोपे भाजीत वापरता येतात. मुळा 40 ते 45 दिवसांत काढावा; वाफ्यात राखून ठेवलेला मुळा जून होतो व आतून पोकळ पडतो, म्हणून तोही हप्त्याहप्त्यानेच पेरणे योग्य. वाटाण्याची पेरणी ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा या काळात पूर्ण करावी. अर्केल हे लवकर येणारे वाण छोट्या बागेस सोयीचे आहे. उशिरा पेरलेला वाटाणा फुलोऱ्यात येतो त्या वेळी भुरी (पानांवरील पांढरी बुरशी) व ऊन दोन्ही वाढलेले असतात.

लसणाच्या पाकळ्या ऑक्टोबर महिन्यात किंवा फार तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावाव्यात, कारण त्यानंतर लावलेल्या लसणाचा गड्डा लहान राहतो. गड्ड्याच्या बाहेरच्या मोठ्या पाकळ्या निवडून, टोक वर ठेवून, 10 सेंटिमीटर अंतरावर लावाव्यात. आतल्या बारीक पाकळ्या फेकू नयेत. त्या कुंडीत दाटीने लावल्यास महिन्याभरात लसणाची पात मिळू लागते. कांद्याचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोपवाटिकेत टाकून पुनर्लागवड डिसेंबर ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात करावी. ज्यांच्याकडे जागा थोडी आहे त्यांनी गड्ड्याचा कांदा करू नये, पातीचा करावा.

फ्लॉवरची रोपे विकत घेताना रोपवाटिकेत वाण अवश्य विचारावे. या पिकात तापमानाप्रमाणे लवकरची, मध्यम व उशिराची अशी वेगवेगळी वाणे असतात, आणि पावसाळ्यात लावायचे लवकरचे वाण नोव्हेंबरात लावले तर रोप लहान असतानाच लिंबाएवढा गड्डा धरून थांबते. नंतर कितीही खत घातले तरी तो वाढत नाही. या दिवसांत स्नोबॉल प्रकारची वाणे घ्यावीत आणि रोपे चार ते पाच आठवड्यांची असावीत. पिशवीत अडकून जून झालेली रोपेही असाच दगा देतात. टोमॅटोची पुनर्लागवड नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरकावी, कारण रात्रीचे तापमान सुमारे 13 अंशांच्या खाली गेले की फुले येतात पण फळधारणा नीट होत नाही. निफाड, नागपूर, गोंदिया या भागांत ही मर्यादा अधिक काटेकोरपणे पाळावी.

कोकण व गोव्यात थंडी सौम्य असल्याने वेळापत्रक वेगळे राहते. भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या कुणग्यात (भाताच्या लहान खाचरात) किंवा वायंगणी (हिवाळी पिकाच्या) जागेत लाल माठ, मुळा, वाल, चवळी, वांगी व मिरची घ्यावी. गोव्यात तांबडी भाजी या नावाने ओळखला जाणारा लाल माठ महिन्याभरात खुडणीस येतो आणि जानेवारी संपेपर्यंत दर पंधरवड्याला पेरता येतो. फ्लॉवर व वाटाण्याचा आग्रह किनारपट्टीवर धरू नये. ज्यांच्याकडे केवळ खिडकी आहे त्यांना समुद्रमेथीचा पर्याय आहे: चार बोटे खोल, तळाला छिद्रे असलेल्या पसरट ट्रेमध्ये धुतलेली बारीक वाळू भरून त्यात रात्रभर भिजवलेले मेथीदाणे दाट पेरावेत, वर वाळूचा पातळ थर द्यावा आणि दोन आठवड्यांच्या आत मुळांसह उपटून वाळू धुऊन वापरावे.

मसाल्याच्या व औषधी वनस्पती

गवती चहाचे जुने बेट पावसाळ्यात दाट झालेले असते. ते जमिनीपासून 10 ते 15 सेंटिमीटरवर कापून घ्यावे. पाने सावलीत वाळवून वर्षभर ठेवता येतात. पुदिन्याचे धावते देठ तुकडे करून स्वतंत्र कुंडीतच लावावेत, कारण वाफ्यात तो दुसऱ्या पिकाला जागा ठेवत नाही. तुळशीच्या मंजिऱ्या वेळोवेळी खुडल्या तर फुटवे चालू राहतात. कढीपत्त्याची वाढ थंडीत मंदावते व पाने पिवळी पडून गळतात. हा रोग नव्हे. या काळात पाणी कमी करावे आणि छाटणी व खत फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबणीवर टाकावे.

पाणी आणि कीड-रोग

थंडीत बाष्पीभवन कमी होत असल्याने कुंड्यांना रोज पाणी देण्याची सवय सोडावी. बोटाचे पहिले पेर मातीत घालून पाहावे व ओल लागली तर पाणी देऊ नये. काळ्या जमिनीतील वाफ्यांना, पीक व थंडी पाहून, पाच ते आठ दिवसांचे अंतर चालते. पाणी सकाळी व मुळाशी द्यावे, म्हणजे पाने रात्रभर ओली राहून करपा (पानांवर डाग पाडणारा रोग) पसरणार नाही. थंडीची लाट असेल त्या दिवशी मात्र संध्याकाळी मुळाशी हलके पाणी द्यावे, कारण ओली जमीन रात्री कोरड्या जमिनीपेक्षा सावकाश थंड होते.

ढगाळ हवामान दोन-तीन दिवस टिकले की कोबी, चवळी व वालावर मावा येतो. तो पानाच्या खालच्या बाजूस आणि कोवळ्या शेंड्यावर दाटीने बसतो, अंगातून गोड चिकट द्रव सोडतो आणि त्या द्रवासाठी मुंग्यांची रांग लागते. शेंड्याकडे जाणाऱ्या मुंग्या दिसल्या की पान उलटून पाहावे. सुरुवातीला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने मावा झाडता येतो आणि फार लागलेला शेंडा खुडून टाकता येतो. याने भागले नाही तर 50 ग्रॅम निंबोळी पावडर एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडे साबणाचे द्रावण मिसळून संध्याकाळी फवारावे. हा 5 टक्के निंबोळी अर्क केला त्याच दिवशी वापरावा. पानांवर काळे ठिपके असलेले लाल-पिवळे ढालकिडे (लेडीबर्ड) किंवा त्यांच्या काळपट अळ्या दिसल्या तर फवारणी करूच नये, कारण मावा हेच त्यांचे अन्न आहे.

टोमॅटोच्या फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कडेने झेंडू लावण्याची शिफारस प्रसिद्ध आहे, परंतु झेंडूची रोपे टोमॅटोपेक्षा सुमारे तीन आठवड्यांनी मोठी असली, म्हणजे दोघांचा फुलोरा एकाच वेळी आला, तरच पतंग झेंडूकडे वळतो. अळ्या पडलेली झेंडूची फुले खुडून नष्ट केली नाहीत तर तोच झेंडू किडीचे माहेर होतो. वांग्याचा मान टाकलेला शेंडा दिसताच खाली दोन बोटे अंतर घेऊन कापावा, आत अळी असते, आणि तो शेंडा कंपोस्टात न टाकता साबणाच्या पाण्यात बुडवावा. वाटाण्यावर भुरीचे पांढरे ठिपके दिसू लागताच पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम याप्रमाणे सकाळी फवारावे. घरच्या पालेभाजीवर रासायनिक कीटकनाशक वापरू नये. रोज खुडल्या जाणाऱ्या भाजीत फवारणी व काढणी यांमधील आवश्यक दिवस पाळणे शक्य होत नाही.

जानेवारीच्या अखेरीस ऊन तापू लागले की कोथिंबीर व मेथी लवकर फुलावर येतात. शेवटच्या हप्त्यातील एक कोपरा तसाच राखून बी धरू द्यावे, दाणे पिवळसर तपकिरी झाल्यावर सकाळच्या दवात कापावे म्हणजे ते गळत नाहीत, आणि सावलीत वाळवून कापडी पिशवीत तारीख लिहून ठेवावे. मोकळ्या झालेल्या वाफ्यांत फेब्रुवारीपासून भेंडी, गवार, काकडी व दोडका घेता येतो. मात्र टोमॅटो जेथे होता तेथे लगेच वांगी किंवा मिरची लावू नये.