पीएचपीच्या पोटात जावास्क्रिप्ट आणि एसक्यूएल लिहिताय? या चुका टाळा

सोलापुरात टॉवेल-चादरीवाल्यांसाठी वेबसाइट नाहीतर स्टॉकचं सॉफ्टवेअर करून देणारी पोरं बरीच पीएचपीवरच (सर्व्हरवर चालून वेबपान तयार करणाऱ्या भाषेवर) असतात, होस्टिंग स्वस्त, आणि एकाच फाइलीत एचटीएमएल (पानाची मांडणी), जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारी भाषा), एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) सगळं कोंबता येतं. घोळही तिथंच होतो. आतली भाषा बाहेरच्या भाषेला नुसती अक्षरं वाटते, त्यात चूक असली तरी पीएचपी गप्प, आणि नेमकं पार्टीला दाखवताना बटण दाबलं की काहीच होत नाही.

सगळ्यात जास्त रडवतो तो डबल कोट. टॉवेलची साइज लोक ३०"×६०" अशी टाकतात, आणि इंचाची खूण म्हणजेच डबल कोट. तुम्ही जावास्क्रिप्टमध्ये दोन कोट टाकून मधे पीएचपीनं मालाचं नाव इको केलंय (म्हणजे छापलंय), तर स्ट्रिंग (कोटांतला मजकूर) ३० पाशीच संपते, पुढचं काय ते ब्राउझरला कळत नाही आणि तो अख्खा स्क्रिप्ट ब्लॉक बंद पडतो. ज्या मालात "३० बाय ६०" लिहिलंय तिथं सगळं सुरळीत चालतं, म्हणून टेस्टिंगमध्ये हे सापडतच नाही. यावर काहीजण अ‍ॅडस्लॅशेस (कोटाआधी उलटी तिरकी रेघ घालणारं फंक्शन) लावतात, काहीजण ऑपरेटरला सांगतात की इंचाची खूण टाकू नका (हे तर लईच भारी). सरळ जेसन-एन्कोड (मजकूर जावास्क्रिप्टला कळेल असा करून देणारं पीएचपीचं फंक्शन) वापरा. आणि ते वापरल्यावर बाहेरचे कोट काढा, कारण ते स्वतःचे कोट घेऊनच येतं, इथं निम्मे लोक परत अडकतात. ऑनक्लिकसारख्या, म्हणजे बटणाच्या एचटीएमएल टॅगमध्येच लिहायच्या, अ‍ॅट्रिब्यूटमध्ये टाकायचं असेल तर त्यावर एचटीएमएल-स्पेशलचार्स (एचटीएमएलची खास चिन्हं सुरक्षित करणारं फंक्शन) पण लागतं, तिथं दोन नाही, तीन भाषा एकात एक असतात.

जेसन-एन्कोडचं एक दुखणं आहे. श्रीलिपीच्या (युनिकोडआधीच्या मराठी फॉन्टच्या) काळातला जुना मराठी डेटा तसाच इम्पोर्ट केला असेल आणि त्यातली बाइट्स यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) मध्ये बसत नसतील तर जेसन-एन्कोड फॉल्स (जमलं नाही असं उत्तर) देतं, फॉल्स इको केला की काहीच छापलं जात नाही, आणि जावास्क्रिप्टला बरोबरच्या चिन्हापुढं थेट सेमीकोलन दिसतो. मग माणूस तासभर जावास्क्रिप्ट तपासत बसतो आणि चूक असते डेटात. जेसन-थ्रो-ऑन-एरर हा फ्लॅग पीएचपी ७.३ पासून आहे, तो लावा म्हणजे चूक जागेवरच ओरडते.

आकडा आहे म्हणून कोट न लावता छापू नका. डिझाइन नंबर ०१२३ असा उघडा छापला तर जावास्क्रिप्ट तो अष्टमान (आठच्या पायाच्या) पद्धतीत वाचून ८३ करतं, पण ०१२८ मध्ये ८ आहे म्हणून तो १२८ च राहतो! म्हणजे नंबरावरून फोटो काढत असाल तर काही डिझाइनचे फोटो बरोबर, काहींचे भलतेच. स्ट्रिक्ट मोडमध्ये (जावास्क्रिप्टच्या कडक नियमांत) निदान एरर तरी येते. बँकेचा खाते नंबर, पिनकोड, लॉट नंबर ही नावंच आहेत असं समजा, त्यांची कोण बेरीज करणार?

आता वेळेचा घोळ. जावास्क्रिप्टच्या कन्फर्ममध्ये (हो-नाही विचारणाऱ्या खिडकीत) "बिल डिलीट करू का?" विचारायचं आणि त्याच इफच्या आत पीएचपीची डिलीट क्वेरी लिहायची, हे अजून दिसतं. पीएचपी सर्व्हरवर आधीच चालून मोकळं झालेलं असतं, त्याला जावास्क्रिप्टचा इफ दिसतच नाही. त्यामुळं पान उघडलं की बिल गेलं, मग कॅन्सल दाबा नाहीतर काहीही दाबा. बटण दाबल्यावर फेचनं (जावास्क्रिप्टमधून सर्व्हरशी बोलायची सोय) नाहीतर साध्या फॉर्मनं सर्व्हरला पोस्ट रिक्वेस्ट पाठवा.

हिअरडॉकमध्ये (पीएचपीत लांब मजकूर लिहायची पद्धत) जावास्क्रिप्टचं टेम्प्लेट लिटरल (मधे व्हेरिएबल टाकता येणारी स्ट्रिंग) लिहिलं तर डॉलर आणि महिरपी कंसातला रेट पीएचपी आपलाच व्हेरिएबल समजून खाऊन टाकतं आणि पानावर रेट कोरा येतो. २०२२ मध्ये आलेल्या पीएचपी ८.२ पासून ही पद्धत डेप्रिकेटेड (वापरू नका असं सांगितलेली) झाली, तरी ती चालतेच, त्यामुळं तिथं नाऊडॉक वापरा, त्यात पीएचपी व्हेरिएबल शोधत नाही.

एरर शोधताना आधी ब्राउझरमध्ये व्ह्यू सोर्स (पानाचा तयार कोड) उघडा राव! कन्सोलमधला (ब्राउझरच्या एररच्या खिडकीतला) लाइन नंबर तयार झालेल्या पानाचा असतो, पीएचपी फाइलीत तीच ओळ बघून काही मिळणार नाही.

एसक्यूएलला प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरीत प्रश्नचिन्ह ठेवून व्हॅल्यू वेगळी द्यायची पद्धत) वापरा हे सगळ्यांना पाठ आहे, पण प्रश्नचिन्हाच्या जागी फक्त व्हॅल्यू बसते हे विसरतात. ऑर्डर बायपुढं (क्रम लावायच्या भागात) प्रश्नचिन्ह ठेवून त्यात "रेट" कॉलमचं नाव दिलं तर मायएसक्यूएल ते साधं अक्षर समजतं, एरर नाही आणि क्रमही लागत नाही. कॉलमची नावं कोडमध्येच ठरावीक यादीत ठेवा आणि त्यातलंच निवडा. तसंच इनच्या (यादीतलं काहीही जुळवणाऱ्या अटीच्या) कंसात एकच प्रश्नचिन्ह आणि त्यात "४,७,९" दिलं, तर आयडीचा कॉलम आकड्याचा असल्यावर फक्त ४ चा माल येतो, कारण स्ट्रिंगचा आकडा करताना पहिल्या स्वल्पविरामापाशी तो थांबतो. जितके आयडी तितकी प्रश्नचिन्हं घाला, आणि यादी रिकामी असेल तर क्वेरी चालवूच नका, रिकाम्या कंसाला मायएसक्यूएल सिंटॅक्स एररच देतं.