मुलींची बोट, मुलांची बोट आणि कॉक्सची वाळूची पिशवी

अमेरिकेत शिकायला गेले, त्या पहिल्याच आठवड्यात कॅम्पसवर एका ताडमाड मुलीनं मला थांबवून विचारलं, "वजन किती गं तुझं?" मी भडकणार होते, तेवढ्यात कळलं की ती रोइंगच्या, म्हणजे वल्ह्यांच्या बोटशर्यतीच्या, संघातली आहे आणि त्यांना कॉक्स हवी आहे. वल्ही मारणाऱ्यांची पाठ बोट जाते त्या दिशेला असते. कुठे चाललोय ते फक्त सुकाणू धरून बसलेल्या कॉक्सला दिसतं. ओरडायचं कामही तिचंच.

मी दोन वर्षं मुलींकडे काढली आणि पुढची दोन मुलांकडे. (मुलांच्या बोटीत मुलगी कॉक्स असणं तिकडे सर्रास चालतं.) त्यामुळे नव्यानं जाणारे विचारतात, दोन्हींत फरक काय? पाण्यात म्हणाल तर थोडाच. शर्यत दोघांचीही 2000 मीटरची. मुलांची बोट जास्त वेगानं जाते, म्हणून वळण आधी हेरावं लागतं, आणि कॉक्सचं किमान वजनही जास्त धरतात. मुलींकडे माझं भागत होतं. मुलांकडे मात्र शर्यतीआधी तोलून हातात वाळूची पिशवी द्यायचे.

खरा फरक काठावर. आमच्याकडे मुलींचा संघ व्हर्सिटी, म्हणजे विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचा, आणि मुलांचा नुसता क्लब. मिशिगन विद्यापीठातही असंच आहे. याचं मूळ 1972 च्या टायटल नाइन कायद्यात. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलींना खेळात समान संधी हवी. अमेरिकन फुटबॉलच्या एकाच संघात शंभराच्या आसपास मुलं असतात, त्यांना तोलायला मुलींचा तेवढाच मोठा खेळ लागतो. रोइंग त्यात चपखल बसलं. 1997 पासून एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना, मुलींची राष्ट्रीय स्पर्धा भरवते. मुलांचं रोइंग एनसीएएत नाहीच. त्यांची आयआरए (इंटरकॉलिजिएट रोइंग असोसिएशन) स्पर्धा 1895 पासूनची, खुद्द एनसीएएपेक्षा जुनी.

आता हे रोजच्या जगण्यात कसं दिसतं? मुलींकडे बूट-जर्सीपासून फिजिओपर्यंत सगळं विद्यापीठाचं. गावाबाहेर शर्यत असली की बस दारात. मुलांकडे गेले तेव्हा पहिल्या दिवशी खजिनदारानं (तोही विद्यार्थीच) सेमिस्टरच्या वर्गणीची आठवण केली आणि हातात 7/16 इंची पाना ठेवला. रिगरचे, म्हणजे वल्हं पेलणाऱ्या बोटीबाहेरच्या चौकटीचे, नट आवळायचे, बोटी ट्रेलरवर बांधायच्या, पावसात त्या पुन्हा सोडायच्या. मुलींकडेही हे करतच होतो, पण काही मोडलं तर दुरुस्त करणारा पगारी माणूस होता. इथे यूट्यूब आणि चिकटपट्टी.

बदल्यात मोकळीक मिळाली. मुलींकडे एनसीएएच्या नियमानं हंगामात आठवड्याला 20 तासच सराव आणि एक दिवस सुट्टी, पण त्या 20 तासांवर तुमचा हक्क उरत नाही. प्रयोगशाळेची वेळ आडवी आली तर मनवायचं प्रयोगशाळेला. क्लबात परीक्षेच्या आठवड्यात आठांची बोट चौघांची व्हायची, कुणी तोंड वाकडं करायचं नाही. पहाटे साडेपाच मात्र दोन्हीकडे.

एक इशारा. हे चित्र सगळीकडे सारखं नाही. वॉशिंग्टन किंवा बर्कली विद्यापीठात मुलांचा संघही तगडा व्हर्सिटी आहे आणि तिथे जगभरातून तयार खेळाडू येतात. कधी वल्हं न धरलेल्यानं तिथे जागेची फार आशा धरू नये. मुलींकडे वॉक-ऑनना, म्हणजे आधी निवड न होता थेट येऊन संघात शिरू पाहणाऱ्यांना, पूर्वी दार बरंच उघडं असायचं. कॉलेज खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यातल्या 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर ती मान्य केलेल्या विद्यापीठांत मुलींच्या रोइंगला 68 जणींची कमाल मर्यादा आली, म्हणून तेही आधी विचारून घ्या.

कोचला भेटाल तेव्हा पदकांचं नंतर विचारा. आधी विचारा की संघ व्हर्सिटी की क्लब, वर्गणी किती, पहिल्या वर्षाच्या मुलांना पाण्यावर कधी उतरवतात. आणि एक सकाळ कोचच्या मोटरबोटीत बसू देतील का. आमच्याकडे बसू द्यायचे. जाड जाकीट मात्र न्या, मी नेलं नव्हतं.