चर मारले, आता त्यावर अंजन गवत लावा

माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात डोंगराला सीसीटी (उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले सलग चर) भरपूर मारून झाल्यात, पण चराच्या भरावावर गवतच नसेल तर तीच माती वळवाच्या पावसात परत चरात उतरते. म्हणून अंजन लावा. आपलंच गवत आहे, ठोंब धरून वाढतं, मुरमाड हलक्या रानात टिकतं, एकदा बसलं की बरीच वर्षं राहतं. (अंजनाचं झाडपण असतं, बी मागताना अंजन गवत असं स्पष्ट सांगा.)

बी मागच्या सालचं घ्या. ताजं बी नीट उगवत नाही, ऑक्टोबर-नोव्हेंबरला ओरबाडलेलं बी गोणपाटात कोरड्या जागी ठेवायचं आणि जूनला काढायचं. एकरी २ ते २.५ किलो पुरतं. दाणा केसाळ आणि हलका, वाऱ्यानं उडतो, म्हणून ओलसर मातीत कालवून टाका, नाहीतर चिकणमाती आणि शेणात गोळ्या करून सावलीत वाळवा.

सगळ्यात जास्त चुकतं ते खोलीत. आपल्याला ज्वारीची सवय, पाभर (पेरणीचं अवजार) धरली की बी खोल जातं, आमचा एक अख्खा पट्टा असाच वाया गेला, एक कोंब वर आला नाही. भरावावर काठीनं रेघ ओढायची, बी टाकायचं आणि वरून फार तर १ सेंटीमीटर माती सारायची, बास. दोन ओळीत ५० सेंटीमीटर.

आता आपल्याकडचा पाऊस कसा, जूनला एखादी सर, मग जुलैत उघडीप, खरा पाऊस सप्टेंबरला. उघडिपीत कोवळं गवत करपतं. त्यामुळं थोडं बी घराजवळ वाफ्यात टाकून रोपं तयार ठेवा आणि ऑगस्टअखेर पाऊस धरला की रिकाम्या जागी लावा. जुना ठोंब असेल तर अजून सोपं, उपटून वरचा पाला १५ सेंटीमीटरवर छाटायचा, मुळासकट दोन-तीन फुटवे वेगळे करून लावायचे.

पहिल्या साली जनावर अजिबात नको, मुळी धरलेली नसते, शेळीनं ओढलं की ठोंबच उपटून येतो. मेंढरंवाल्यांशी लावायच्या आधीच बसून बोला, त्यांचा चारा तुटतोय हे विसरू नका, दुसऱ्या सालापासून कापून न्यायला त्यांनाही वाटा द्या. पहिली कापणी बी झडल्यावरच, जमिनीपासून १०-१५ सेंटीमीटर ठेवून, विळ्यानं. आणि उन्हाळ्यात माळाला काडी लावू देऊ नका, झडलेलं बी सगळं त्यातच जळतं.