फ्रिजवर चादर टाकायच्या आधी : गाण्याच्या रिॲलिटी शोला मूल घेऊन निघालेल्या आईबापांसाठी

विट्यात माझं शिलाईचं दुकान आहे. लेक अकरा वर्षांची असताना हिंदीतल्या एका गाण्याच्या शोमध्ये गेली, नऊ भाग टिकली आणि घरी आली. तेव्हापासून महिन्याला दोन-तीन फोन ठरलेले. "दादा, आमच्या पोराचं सिलेक्शन झालंय, काय काय बघावं लागतं?" दर वेळी कात्री खाली ठेवून अर्धा तास बोलायचं आणि तेवढ्यात दारातलं गिऱ्हाईक निघून जायचं. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. शोचं नाव मात्र विचारू नका. का सांगत नाही ते पुढं कळेल.

जाऊच नका असं मी म्हणणार नाही. 2005 साली अभिजीत सावंत 'इंडियन आयडॉल' झाला तेव्हा आमच्या आळीत फटाके वाजले होते. मराठी 'लिटिल चॅम्प्स'मधली कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर आणि बाकीची तिघं घराघरांत पोचली. प्रत्येक बापाच्या डोळ्यांसमोर तीच पाच पोरं असतात, माझ्याही होती. जा, पण माप घेऊन जा.

ऑडिशनला गाण्यापेक्षा तोंडाकडं लक्ष ठेवा

पोराच्या नव्हे, तुमच्या स्वतःच्या तोंडाकडं. रांगेत छातीवर नंबर चिकटवून पाच-सहा तास उभं राहायचं, पाणी आणि चटणी-भाकरी घरूनच न्यायची, हे सगळे सांगतात. एक गोष्ट कुणी सांगत नाही. टीव्हीवर दिसणारे मोठे परीक्षक समोर यायच्या आधी दोन-तीन खोल्या पार कराव्या लागतात आणि तिथं शोची माणसं बसलेली असतात. तिसऱ्या खोलीत लॅपटॉप घेतलेल्या एका मुलीनं लेकीला एकच अंतरा म्हणायला लावला. मग मान माझ्याकडं वळवली. घरी कोण कोण? काय करता? काही अडचणी आल्या का? मी खुशीत होतो. दुकानाचं सांगितलं, गुरुजींचं सांगितलं. वडील यंत्रमागावर कामाला होते, त्यातच गेले, हेही ओघात बोलून गेलो. बाकी सगळं ती ऐकत होती. हे शेवटचं तिनं टाइप करून घेतलं.

तेव्हा मला ते लक्षात आलं नाही. तुम्ही लक्षात ठेवा. फॉर्मवरचा घरच्या माहितीचा रकाना नुसता भरायला म्हणून नसतो. तिथं जे द्याल त्याची पुढं फिल्म होते. लग्नात शेजारी जेवायला बसलेल्या अनोळखी माणसाला जेवढं सांगाल तेवढंच तिथं लिहा.

करार रात्री दहाला येतो

आमच्यासमोर तो हॉटेलच्या लॉबीत आला. पस्तीस-चाळीस पानं, सगळी इंग्रजीत, आणि उद्या सकाळी शूट. "सगळे पालक करतायत सही," असं म्हणतात, आणि खरंच सगळे करत असतात. मीही केली.

तुम्ही एवढं करा. सिलेक्शनचा फोन आला की त्याच फोनवर कराराची प्रत मागा. गावातल्या एखाद्या वकिलाला हजार-दोन हजार देऊन वाचून घ्या. लहान मुलानं केलेला करार आपल्या 1872 च्या करार कायद्यानुसार टिकत नाही, म्हणून सही आईबापाची घेतात आणि बांधले जातो आपण. शूट केलेलं कसंही कापा-जोडा, आमची तक्रार नाही, हे एक कलम असतं. ते वापरायची मुभा कायमची, हे दुसरं. पुढं काही काळ दुसऱ्या चॅनेलवर किंवा कार्यक्रमात विचारल्याशिवाय गायचं नाही, हे तिसरं. आमच्याकडं गणपतीतले दोन कार्यक्रम त्यातच गेले. आणि बाहेर काही बोललात तर दंड. माझ्या करारातला आकडा दुकानाच्या दहा वर्षांच्या कमाईएवढा होता. शोचं नाव का सांगत नाही, ते आलं का लक्षात?

सही करण्याआधी आणखी दोन प्रश्न विचारा. मी ते घरी आल्यावर एका वकीलबाईंकडून शिकलो. बालकामगार कायद्यात 2016 साली बदल झाला आणि 2017 साली त्याचे नियम आले. त्यांत चौदा वर्षांखालच्या कलाकार मुलांसाठी चोख लिहिलंय. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग 27 दिवसांपेक्षा जास्त कामाला लावायचं नाही, शाळा बुडता कामा नये. जिथं शूट आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यायची. पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा. मुलाच्या कमाईतले किमान 20 टक्के त्याच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. म्हणून सरळ विचारा : परवानगीचा कागद दाखवता का, आणि आमच्या मुलांसाठी नेमलेला माणूस कोण, त्याचा नंबर द्या. आवाज चढवायचा नाही. कापडाचा भाव विचारतो तसं विचारायचं.

एव्ही

एव्ही म्हणजे गाण्याआधी दाखवतात ती तुमच्या घरची छोटी फिल्म. सहा माणसं आणि दोन कॅमेरे घेऊन गाडी विट्याला आली. आख्खी आळी दारात. बायकोनं पोहे केले. दिग्दर्शक म्हणवणाऱ्या पोरानं घरभर नजर फिरवली आणि स्वयंपाकघरात थांबला. "अंकल, ये फ्रिज थोडा ढक सकते हैं क्या?"

फ्रिज मी हप्त्यावर घेतला होता, शेवटचा हप्ता दिवाळीत फिटला होता. त्यावर चादर टाकली. मग शिलाई मशीनची मोटर काढून ठेवायला लावली, पायानं मारताना चांगलं दिसतं म्हणून. गॅस असताना बायकोला शेजारच्या परसात, आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीपुढं बसवलं. फुंकणीनं फुंकताना तिच्या डोळ्यांत धूर गेला, तो शॉट त्यांनी तीनदा घेतला. मी सगळ्याला हो म्हणालो. कुणी दमदाटी केली नाही. प्रत्येक गोष्ट एवढीशी होती आणि प्रत्येक वेळी वाटलं, एवढ्यासाठी पोरीचं नुकसान कशाला.

रात्री लेकीनं विचारलं, "बाबा, आपला फ्रिज का झाकला?"

एव्ही दाखवल्यावर भाऊ दोन महिने बोलला नाही. एका जुन्या गिऱ्हाइकानं ब्लाऊजच्या शिलाईचे सुटे पैसे परत घेतले नाहीत, "राहू दे, पोरीला होतील" म्हणाली. ते ऐंशी रुपये कुठं ठेवावेत मला कळेना.

तर गाडी दारात यायच्या आदल्या रात्री नवरा-बायकोनं बसून ठरवा : काय दाखवायचं नाही. आजारपण, कर्ज, घरातलं भांडण, गेलेलं माणूस. तीन-चार गोष्टींची यादी करा आणि त्यांच्या क्रिएटिव्हला, म्हणजे शोमध्ये काय दाखवायचं ते बघणाऱ्या माणसाला, मेसेजवर पाठवून द्या. तोंडी नाही, मेसेजवर. आणि नसलेलं काही करून दाखवायचं नाही. घरात आहे ते आहे. आमच्या ओळखीच्या एका आईनं मी सांगितल्यावर असं केलं. त्यांनी जरा तोंड वाकडं केलं आणि निमूटपणे शूट करून गेले. पोरगी पुढं सहा आठवडे टिकली, म्हणजे तेवढ्यावरून कुणी काढत नाही.

सेटवरचा दिवस

कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, सकाळी सातची असेल तर मुलाचं गाणं संध्याकाळी सहाला होईल असं धरून चाला. पाच तासांचा नियम काढलात की उत्तर येतं, "स्टेजवर तर ती वीसच मिनिटं होती." मेकअप करून, माइक लावून, एसीत कुडकुडत बसणं त्यांच्या हिशेबात काम नसतं. तुम्ही वहीत वेळ लिहा. आत कधी गेलं, जेवण कधी, स्टेजवर कधी, पॅक-अप कधी. चौथ्या दिवशी माझी वही बघून फ्लोअर मॅनेजरनं लेकीचं गाणं दुपारी आणलं. अंगात घालायला स्वेटर न्या. फ्लोअरवर फोन काढून घेतात, म्हणून घड्याळ न्या.

कपडे त्यांचे असतात. लेकीला मोरपंखी घागरा दिला. समोरून फिटिंग असं की मलाही कौतुक वाटलं. पाठीमागं गेलो तर मोठ्या बाईच्या मापाचा ब्लाऊज सात क्लिपा लावून आवळलेला. श्वास घेऊन तान मारली की एक क्लिप खांद्याला टोचायची. मी म्हणालो, सुई-दोरा द्या, दहा मिनिटांत टाके घालून देतो. नाही म्हणाले, कपडा परत द्यायचा असतो. लेकीला तो आपला वाटला होता. रात्री हँगरला लावून, नंबर बघून घेऊन गेले तेव्हा ती रडली. आधीच सांगून ठेवा, कपडे परत जातात.

गाणंही बहुतेक वेळा त्यांचंच असतं. कोणत्या गाण्याचे हक्क आहेत, पाहुणा कोण येणार, त्यावर ठरतं आणि आदल्या रात्री बदलतं. एकदा अकराला फोन आला, सकाळी नवीन गाणं. पट्टी मात्र तुम्ही धरून ठेवा. गुरुजींकडून मुलाची पट्टी लिहून घ्या आणि जॅमिंगला, म्हणजे वाद्यांबरोबरच्या सरावाला, बसाल तेव्हा वादकांना थेट द्या. वादक मंडळी समजूतदार असतात, आम्हाला खरी मदत झाली ती त्यांचीच. शूट झाल्यावर आमच्याकडून तेच गाणं स्टुडिओत पुन्हा गाऊन घेतलं. टीव्हीवर लागला तो आवाज दोन्हीचं मिश्रण होता. तेव्हा घरी मूल टीव्हीवरच्या स्वतःशी बरोबरी करायला लागलं तर त्याला हे समजावून सांगा.

बाइट, म्हणजे कॅमेऱ्यापुढचे सवाल-जवाब, घेताना मूल एकटं देऊ नका. "हरलीस तर पप्पांना काय वाटेल?" हा प्रश्न लेकीला पाच वेळा विचारला, डोळे भरेपर्यंत. मुलाला घरूनच एक वाक्य शिकवून न्या : "मला ह्यावर बोलायचं नाही." आरशापुढं दहा वेळा म्हणून घ्या, तालासारखं पाठ झालं पाहिजे. विचारणाऱ्या पोरीवर मात्र राग धरू नका. आमची क्रिएटिव्ह अकोल्याची, तेवीस वर्षांची, सोळा-सोळा तास उभी. एकदा रात्री दीडला हळूच म्हणाली, "काका, हिला घेऊन जा झोपायला. विचारलं तर मी सांगते ताप आहे." तिलाही वरून कानात कुणीतरी बोलतच असतं.

परीक्षकांचं थोडक्यात. 2008 साली कोलकात्याकडं एका शोमध्ये परीक्षकांच्या बोलण्यानंतर शाळकरी मुलीची वाचा गेली होती, तिला उपचाराला बंगळुरूच्या निम्हान्सला, म्हणजे मेंदू आणि मनाच्या आजारांच्या मोठ्या रुग्णालयात, न्यावं लागलं. बालहक्क आयोगाची मार्गदर्शक तत्त्वं आल्यापासून मुलांशी तसं तोडून बोलणं कमी झालंय. आता उलटं आहे, सगळ्यांचं कौतुकच. 2021 मध्ये 'इंडियन आयडॉल'च्या किशोरकुमार विशेष भागानंतर पाहुणे म्हणून आलेल्या त्यांच्या मुलानं, अमितकुमारांनी, सांगून टाकलं की सगळ्यांची तारीफ करा असं मला सांगितलं होतं. पोराला म्हणावं, टाळ्या घे, पण सूर लागला की नाही ते गुरुजींना विचार. छळ वाटला तर 1098 हा मुलांसाठीचा नंबर आहे, राज्याचा बालहक्क आयोगही आहे. ते नंबर फोनमध्ये असू द्या.

पैसे

बक्षिसाच्या रकमेतून 30 टक्के कर आधीच कापला जातो. बक्षीस गाडीचं असेल तर कर भरल्याशिवाय किल्ली मिळत नाही, ती तजवीज लागते. आम्ही तिथवर गेलोच नाही. भागागणिक मिळणारं मानधन सात महिन्यांनी आलं. मुदत ठेवीचं मी पत्र लिहून विचारलं तेव्हा हललं. दुकान बंद राहिलं त्याचा हिशेब कुणी देत नाही. मतं मागायचे फ्लेक्स पुढाऱ्यानं फुकट लावले, त्यावर त्यांचा फोटो लेकीपेक्षा मोठा होता.

बाहेर पडल्यावर

ह्याची तयारी कुणीच करत नाही. लेक बाहेर पडली त्या दिवशी शूट झालं, पण टीव्हीवर तो भाग तीन आठवड्यांनी आला. तोवर तोंड बंद ठेवायचं, करारच तसा. शाळेत पोरं विचारायची, "फायनलला जाणार ना?" आणि ती हसून मान हलवायची. अकरा वर्षांच्या पोरीला तीन आठवडे खोटं वागवायचं म्हणजे काय, ते मी रोज डब्यातल्या उरलेल्या पोळीवरून बघत होतो. ते दिवस शक्य असेल तर तिला आजोळी ठेवा. वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्या. पाहुण्यांपुढं गायला लावू नका. आमच्या गुरुजींनी महिनाभर एकही गाणं घेतलं नाही, नुसता षड्ज लावून घेतला. पाचव्या आठवड्यात तिनंच विचारलं, बंदिश कधी सुरू करायची.

आणि तो भाग लागेल तेव्हा घरचे चौघंच बघा. आळीला बोलावू नका. आम्ही बोलावलं होतं. तिचं नाव पुकारलं, ती खाली उतरली आणि पडद्यावर मी, डोळ्यांतून पाणी घळाघळा. मी त्या क्षणी रडलोच नव्हतो. तिच्याकडं बघून हसायचा प्रयत्न करत होतो. ते पाणी सकाळी आठचं होतं. प्रेक्षकांच्या खुर्च्या रिकाम्या असताना मला एकट्याला बसवलं होतं आणि कॅमेऱ्यामागून तो दिग्दर्शक पोरगा हळू आवाजात म्हणाला होता, "अंकल, आपके पिताजी करघे पे काम करते थे ना? उनको याद कीजिए."

अजून कुणी पँट आखूड करायला आलं की विचारतं, "त्या दिवशी लई रडलात हो." मी म्हणतो, लाइट डोळ्यांत गेला होता. पँट शुक्रवारी न्या.