नोकरीआधीची ड्रग टेस्ट: खोट्या पॉझिटिव्हची धास्ती असेल तर काय करावे

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या औषध दुकानात काउंटरमागे उभे राहून मला बावीस वर्षे झाली आहेत. पूर्वी नोकरीच्या मेडिकलची चिंता म्हणजे साखर, रक्तदाब आणि चष्म्याचा नंबर एवढीच असायची. अलीकडे मात्र मर्चंट नेव्हीत, आखातातल्या तेलप्रकल्पांवर किंवा पुण्याच्या मोठ्या कंपन्यांत निवड झालेली मुले-मुली ऑफर लेटर घेऊन येतात आणि हलक्या आवाजात विचारतात, "काका, मी कसलीही नशा करत नाही, पण गेल्या आठवड्यात खोकल्याचे औषध घेतले होते, त्याने ड्रग टेस्ट पॉझिटिव्ह येईल का?" विचारताना त्यांना संकोच वाटतो, कारण नुसते विचारणे म्हणजेच कबुली, असा समज आहे. तो संकोच निघून जावा आणि हातात काहीतरी ठोस यावे, म्हणून हे लिहीत आहे.

आधी चाचणी कशी होते ते पाहू, कारण निम्मी भीती तिथेच कमी होते. लघवीच्या नमुन्याची तपासणी दोन टप्प्यांत होणे अपेक्षित असते. पहिला टप्पा प्राथमिक चाळणीचा. त्यात विशिष्ट अमली पदार्थाला चिकटणारी प्रतिद्रव्ये वापरलेली असतात. पण ही प्रतिद्रव्ये रेणूचा ढोबळ आकार ओळखतात, त्यामुळे तशाच आकाराचा एखाद्या साध्या औषधाचा रेणू समोर आला तरी ती फसतात. दुसरा टप्पा पडताळणीचा, ज्याला प्रयोगशाळेत जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस म्हणतात. त्यात नमुन्यातले घटक वेगळे करून प्रत्येकाचे वस्तुमान तपासले जाते आणि पदार्थ नेमका कोणता, हे ठरते. आपल्याकडे नमुना सोलापुरात घेतला जातो आणि पडताळणीसाठी तो बहुधा पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळेत जातो, म्हणून मधले चार-सहा दिवस जिवाला घोर लागतो.

ही चाळणी बहुधा एका छोट्या कार्डावर होते, ते कार्ड एकदा जवळून पाहिलेले बरे. प्रत्येक पदार्थाची एक छोटी खिडकी असते, तिच्यात 'सी' (कंट्रोल) आणि 'टी' (टेस्ट) अशा दोन जागा असतात. गरोदरपणाच्या चाचणीत दुसरी रेघ उमटली की पॉझिटिव्ह मानतात. इथे नेमके उलटे आहे. 'टी'पाशी रेघ उमटली तर निकाल निगेटिव्ह, आणि रेघ उमटलीच नाही तर पॉझिटिव्ह. रेघ कितीही फिकट असली तरी ती निगेटिव्हच धरायची असते. फिकट रेघ पाहून रात्रभर न झोपलेला एक मुलगा मी पाहिला आहे. त्याचा निकाल पहिल्यापासून स्वच्छ होता.

आता मुख्य मुद्दा. 'खोटा पॉझिटिव्ह' या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी मोडतात, आणि त्यांवरचे उपायही वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात शरीरात अमली पदार्थ नसतोच, फक्त चाळणी फसलेली असते; इथे पडताळणीची तपासणी तुम्हाला पूर्णपणे मोकळे करते. दुसऱ्या प्रकारात पदार्थ खरोखरच लघवीत असतो, पण तो डॉक्टरांनी दिलेल्या औषधातून किंवा साध्या खाण्यातून आलेला असतो. इथे पडताळणीही 'आहे' असेच सांगणार, कारण तिच्या दृष्टीने ते खरेच आहे. तुम्हाला वाचवणार तो फक्त कागद, आणि तोही नमुना देण्याच्या आधीचा.

पहिल्या प्रकारात सर्रास विकली जाणारी औषधे येतात. जुलाब लागले की आपल्याकडे ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोलची जोडगोळी सहज दिली जाते. ओफ्लॉक्सासिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन ही औषधे काही कार्डांवर अफूवर्गीय पदार्थांची खिडकी पॉझिटिव्ह दाखवू शकतात. क्षयाच्या उपचारातले रिफॅम्पिसिनही तसेच करू शकते. पित्तावरचे रॅनिटिडिन, गरोदरपणातल्या रक्तदाबासाठी दिले जाणारे लेबेटालॉल, ॲलर्जी आणि मळमळीवरचे प्रोमेथाझिन, नैराश्यावरची बुप्रोपिऑन व ट्रॅझोडोन यांच्यामुळे ॲम्फेटामाइन या उत्तेजक पदार्थाची खिडकी फसल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. नैराश्यावरचेच सर्ट्रालिन बेन्झोडायझेपिनच्या, म्हणजे झोपेच्या आणि घबराटीवरच्या गोळ्यांच्या, खिडकीत गडबड करू शकते. हे प्रत्येक कार्डावर आणि प्रत्येक माणसात घडतेच असे नाही. कार्ड कोणत्या कंपनीचे आहे आणि औषधाची मात्रा किती, यावर ते अवलंबून असते.

जुळे सोलापुरातल्या एका ओळखीच्या मुलाच्या बाबतीत हेच झाले. जहाजावर रुजू होण्यापूर्वीच्या मेडिकलला जाण्याच्या तीन दिवस आधी बाहेरचे खाऊन त्याचे पोट बिघडले आणि आमच्याच दुकानातून जुलाबाच्या गोळ्या गेल्या. नमुना घेणाऱ्या केंद्रातून दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना थेट फोन गेला, की मुलगा मॉर्फिनला, म्हणजे अफूतल्या नशेच्या घटकाला, पॉझिटिव्ह आहे. ती फक्त चाळणी आहे, हे सांगायचे केंद्राकडून राहून गेले. त्या घरात त्या रात्री चूल पेटली नाही. सकाळी वडील माझ्याकडे आले, आम्ही गोळ्यांचे बिल शोधून काढले, त्याच नमुन्याची पडताळणी करून घ्यावी असे लेखी मागितले, आणि सहा दिवसांनी अहवाल निगेटिव्ह आला. मुलगा जहाजावर गेला. पण त्या सहा दिवसांत बापलेकांत जे बोलणे झाले, ते टाळता आले असते याचे मला आजही वाईट वाटते.

दुसऱ्या प्रकारात पहिला क्रमांक कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांचा. शरीरात कोडीनचा काही भाग मॉर्फिनमध्ये बदलतो, त्यामुळे पडताळणीतही दोन्ही सापडतात. झोपेसाठी किंवा घबराटीसाठी घेतलेले अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम, आणि फिट येणाऱ्यांचे फेनोबार्बिटोन यांचेही तसेच. ही औषधे चिठ्ठीवर घेतली असतील तर त्यात लपवण्यासारखे काही नाही. अडचण होते ती आईची झोपेची गोळी मुलाने परीक्षेच्या ताणात मागून घेतली तेव्हा, कारण मग चिठ्ठी आईच्या नावाची असते आणि लघवी मुलाची. दुसऱ्याची गोळी घेऊ नका, हे मी एरवीही सांगतो. चाचणी तोंडावर असताना तर हात जोडून सांगतो.

आयुर्वेदिक म्हणून निर्धास्त राहणेही बरोबर नाही. जातिफलादी चूर्णात परंपरेने भांग असते, आणि ताकदीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत अफू असते. लेबलावर 'विजया' म्हणजे भांग आणि 'अहिफेन' म्हणजे अफू, एवढे दोन शब्द लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम होते. होळीच्या किंवा महाशिवरात्रीच्या थंडाईतली भांग हा मात्र खोटा पॉझिटिव्ह नव्हे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील गांजाच्या व्याख्येत निव्वळ पाने येत नाहीत, हे खरे असले तरी चाचणीला पान आणि फुलोऱ्याचा शेंडा यांतला फरक कळत नाही. तिला दोन्हीकडून टीएचसी या नशा आणणाऱ्या घटकाचा एकच अवशेष मिळतो. गांजा ओढणाऱ्यांच्या शेजारी बसल्याने आपण अडकू, ही भीती मात्र बहुतांशी अनाठायी आहे. गांजासाठी रूढ असलेली 50 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही मर्यादा मोकळ्या जागेतल्या धुराने ओलांडली जात नाही.

आणि खसखस. दिवाळीत अनारशाचा गोळा खसखशीवर थापताना तळहाताला जे बारीक दाणे चिकटतात, ते अफूच्याच बोंडातले बी असते. बियांच्या आत मॉर्फिन जवळजवळ नसते. बोंड काढताना त्याचा चीक बियांच्या सालीला लागतो आणि तो राहून जातो. म्हणून एका पाकिटातली खसखस निरुपद्रवी आणि दुसऱ्या पाकिटातली चाचणी बिघडवणारी, असे होऊ शकते. धुण्याने आणि भाजण्याने प्रमाण कमी होते, पण संपतेच असे नाही. अमेरिकेत सरकारी नोकऱ्यांच्या चाचणीतली अफूवर्गीय पदार्थांची मर्यादा 1998 मध्ये 300 वरून 2000 नॅनोग्रॅमवर नेली गेली, त्यामागे मुख्य कारण खसखसच होते. आणि एवढे करूनही फेब्रुवारी 2023 मध्ये तिथल्या संरक्षण खात्याने सैनिकांना खसखस टाळण्याची सूचना दिली. आपल्याकडे मिळणाऱ्या कार्डांवर 300 आणि 2000 अशा दोन्ही मर्यादा आढळतात, म्हणून कोणते कार्ड वापरणार हे विचारून घ्यावे. मटणाच्या वाटणातली चमचाभर खसखस वेगळी आणि खसखशीची वाटीभर खीर वेगळी, हे मला मान्य आहे. तरीही आईला सांगून ठेवा, की चाचणी होईपर्यंत निदान आठवडाभर वाटण खोबऱ्यावर भागवावे.

आता प्रत्यक्ष तयारी. चाचणीची तारीख कळली, की त्याच दिवशी एका कोऱ्या कागदावर मागच्या पंधरा दिवसांत पोटात गेलेले प्रत्येक औषध लिहायला बसा. गोळी, सिरप, चूर्ण, काढा, जिममधली पावडर, दाताच्या डॉक्टरांनी दिलेले इंजेक्शन, सगळे. नाव, मात्रा, पहिली आणि शेवटची तारीख, कोणी दिले. रिकामी पाकिटे फेकली असतील तर ज्या दुकानातून घेतले तिथून बिलाची प्रत मागा. आम्ही ती काढून देतो. चिठ्ठी हरवली असेल तर डॉक्टरांकडून लेटरहेडवर तारीख, सही आणि नोंदणी क्रमांकासह दोन ओळी घ्या. या सगळ्याचे फोटो स्वतःलाच ईमेल करून ठेवा, म्हणजे कागद चाचणीच्या आधीपासून तुमच्याकडे होते, हे तारखेसह सिद्ध होते. ज्याच्यावर क्षयाचे, फिटचे किंवा मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत त्याने चाचणीसाठी एकही गोळी चुकवू नये. नोकरी पुन्हा मिळू शकते, पण मध्येच सोडलेला क्षयाचा कोर्स औषधांना न जुमानणारा आजार मागे ठेवून जातो.

नमुना देण्याच्या दिवशी लघवी सकाळची, नेहमीइतके पाणी पिऊन द्यावी. आपल्या उन्हाळ्यात तांब्यावर तांब्या पाणी पिण्याची सवय असते, पण नमुना फार पातळ झाला आणि त्यातले क्रिएटिनिन (लघवीत नेहमी असणारा टाकाऊ घटक) 20 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेले, की प्रयोगशाळा तो 'डायल्यूट' म्हणून नोंदवते आणि निष्कारण संशय येतो. शरीर साफ करणारे म्हणून विकले जाणारे रस आणि पावडरी घेऊ नका. निर्दोष माणसाला त्यांची गरज नसते. कपावरच्या पट्टीवर तापमान 32 ते 38 अंशांच्या दरम्यान दिसावे लागते. बाटलीवरचे सील तुमच्या डोळ्यांदेखत लागले पाहिजे आणि त्यावर तुमची सही व तारीख असली पाहिजे. चेन ऑफ कस्टडी फॉर्म, म्हणजे नमुना कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंद, वाचूनच सही करा आणि तिची प्रत मागा. औषधांची यादी तिथेच जोडून द्या आणि पोच घ्या. नमुन्याचे दोन भाग करून एक राखून ठेवला जातो का, आणि प्रयोगशाळेला एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का, हे दोन प्रश्न नम्रपणे पण न चुकता विचारा.

एवढे करूनही 'पॉझिटिव्ह' किंवा 'नॉन-निगेटिव्ह' असा निरोप आला, तर पहिला प्रश्न एकच: हा चाळणीचा निकाल आहे की पडताळणीचा? उत्तर लेखी मागा. चाळणीचा असेल, तर त्याच दिवशी कंपनीच्या एचआरला आणि केंद्राला एकाच ईमेलमध्ये कळवा: "हा निकाल प्राथमिक चाळणीचा आहे. याच नमुन्याची जीसी-एमएस किंवा एलसी-एमएस पद्धतीने पडताळणी व्हावी आणि तोपर्यंत नमुना नष्ट करू नये, अशी माझी विनंती आहे. खर्च माझा असल्यास कळवावे. मी घेतलेल्या औषधांची यादी आणि चिठ्ठ्या सोबत जोडत आहे." कोणावर आरोप नको, रागही नको.

इथे एक चूक बहुतेक सगळे करतात. घाबरून दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या प्रयोगशाळेत नवा नमुना देतात आणि तो निगेटिव्ह अहवाल नाचवतात. पण अफूवर्गीय पदार्थ दोन-तीन दिवसांत लघवीतून निघून जातात, हे कंपनीच्या डॉक्टरांना ठाऊक असते, त्यामुळे नव्या नमुन्याने जुन्याबद्दल फारसे काही सिद्ध होत नाही. निर्णय जुन्याच नमुन्यावर व्हावा, यासाठी जोर लावा.

पडताळणीतही मॉर्फिन किंवा कोडीन आले, तर कंपनीच्या डॉक्टरांशी बोलण्याची वेळ मागा आणि चिठ्ठी पुढे ठेवा. तुम्ही खसखस खाल्ली असेल तर तेही सांगा आणि अहवालात सिक्स-एमएएम तपासले आहे का ते विचारा. हा अवशेष हेरॉइनमुळेच येतो, खसखशीने किंवा खोकल्याच्या औषधाने येत नाही. थेबेन हा घटक सापडल्यास तो खसखशीकडे बोट दाखवतो. हे दोन शब्द कागदावर लिहून सोबत न्या, कारण त्या खोलीत बसल्यावर तोंडाला कोरड पडते आणि पाठ केलेले आठवत नाही.

आखातात निघालेल्यांसाठी आणखी एक सांगणे. चाचणी पार पडली म्हणून आईने प्रेमाने बांधून दिलेले अनारसे आणि घरचा मसाला बॅगेत टाकू नका. संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरातही खसखस नेण्यास बंदी आहे, आणि तिथे विमानतळावर पडताळणीचा दुसरा टप्पा मागायला तुमच्यासोबत कोणी नसेल. शेंगदाण्याची चटणी मात्र खुशाल न्या. तिच्यात खसखस नसते.