हेरिटेज कन्झर्वेशनमध्ये यायचंय? मग आधी मोरी बघायला शिका

आर्किटेक्चर झाल्यावर कन्झर्वेशनकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपायच्या कामाकडे वळू का, असं ज्युनियर मुलं सारखी विचारतात म्हणून लिहितेय. बहुतेकांच्या डोक्यात किल्ले, राजवाडे, म्युझियम असतं. ती कामं आहेतच, पण माझं बरंचसं काम गिरगाव-भायखळ्याकडच्या जुन्या भाड्याच्या बिल्डिंगींमध्ये झालंय आणि मला त्याचंच मोल जास्त वाटतं, कारण तिथे माणसं राहतायत आणि दुरुस्ती नीट झाली तर त्यांना घर सोडावं लागत नाही.

अशा बिल्डिंगीत गेलात की दर्शनी भागाचे फोटो नंतर काढा, आधी मोऱ्या, कॉमन संडास आणि मागचे पाईप बघा. पाणी झिरपत झिरपत भिंतीत बसवलेल्या सागवानी तुळईच्या टोकाशी जातं, वरून ऑइलपेंट मारलेली तुळई ठणठणीत दिसते पण टोकाला स्क्रूड्रायव्हर टोचला की सरळ आत जातो, भुसा पडतो. मग गॅलरी खचते आणि सगळे म्हणायला लागतात की पाडाच आता. खूपदा कुजलेला तेवढाच भाग कापून नवीन सागवान सांधता येतं! पण आधी पाईप बदला, नाहीतर नवीन लाकूडही कुजणार. त्यात चुन्याच्या भिंतीवर कोणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला असतो, मग ओल बाहेर पडून वाळायची ती आतच कोंडते.

पैशाचं गणितही समजून घ्या. १९४७च्या भाडे कायद्याने मुंबईतली भाडी १९४०च्या पातळीला बांधली, त्यामुळे इतक्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू असं मालक म्हणतो, आणि भाडेकरूला धास्ती की एकदा बाहेर पडलो तर परत येऊ का. म्हणून मी एकेक मजला करून घेते, घरं रिकामी न करता. रहिवाशांच्या मीटिंगा रात्री जेवणं झाल्यावरच होतात, तेव्हा ऑफिसच्या वेळा विसरा.

१९९५ची मुंबईची हेरिटेज नियमावली आणि तिच्या ग्रेड, म्हणजे वास्तूंच्या महत्त्वाप्रमाणे लावलेल्या श्रेणी, मात्र पाठच हव्यात. ग्रेडप्रमाणे कुठे किती बदल चालतो ते ठरतं, लोक पहिला प्रश्न तोच विचारतात. आणि भायखळा स्टेशन जाऊन बघा, २०२२मध्ये युनेस्कोचा वारसा जतनाचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला त्याला, आणि रोजची लोकलची गर्दी आजही तिथूनच ये-जा करते.

मास्टर्ससाठी आर्किटेक्चर शिकवणाऱ्या संस्था आहेत: दिल्लीचं एसपीए, अहमदाबादचं सेप्ट, मुंबईत केआरव्हीआयए. पण त्याआधी सहा महिने तरी साइटवर काढा, जुन्या सुतारासोबत. सांधा कुठे द्यायचा हे तो लाकडावर ठोकून, आवाजावरून सांगतो.